थोरलीचे पाय गेले तो हिवाळा

सकाळी थोरली बाजेवरून खाली उतरली आणि उतरल्या जागीच बसली. पडली नाही, धडपडली नाही, नुसती बसली. मी स्टोव्हला पिन मारत होते. म्हणाले, "ऊठ की, दात घास." तर ती शांतपणे म्हणाली, "आई, माझे पाय अजून झोपलेत."

पाच वर्षांची व्हायला तिला दोन-तीन महिने कमी होते. मी हसले. मुंग्या आल्या असतील म्हणून पोटऱ्या चोळल्या, बगलेत हात घालून तिला उभी केली. हात काढला तशी ती परत खाली. गुडघे कापडासारखे मुडपले. पुन्हा उभी केली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी हात काढलाच नाही. मला एक शब्द आठवला होता आणि तो मनातसुद्धा म्हणायचा नव्हता.

खरं तर तो शब्द म्हणणं हेच माझं काम होतं. वरवंडच्या एका वस्तीवर मी अंगणवाडी सेविका होते. पोलिओचा रविवार आला की आठवडाभर आधी घरोघर फिरायचं, उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं, "ताई, पोराला डोस पाजून घ्या, न्हाईतर पाय जातात." 'पाय जातात' हे शब्द मी त्या काळात किती वेळा बोलले असेन, त्याचा हिशेब नाही. बोलायला सोपे होते.

त्या हिवाळ्यात, नव्वदचं दशक सरत आलं असताना, रविवारच्या आधी वस्तीवर तापाची साथ होती. घसा, खोकला, तीन दिवस अंगात कडकडून ताप, मग पोर आपोआप उठून खेळायला लागायचं. थोरलीलाही येऊन गेला होता. डोसाच्या दिवशी त्यामुळे बायका पोरं आणायला तयार नव्हत्या. अंगणवाडीच्या समोर एक बाई राहायची, धीट आणि तोंडाची फटकळ. ती कमरेवर पोरगं घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई, तापातनं उठल्याली पोरं हायती. आधी तुमच्या पोरीला पाजा. मग आमी पाजतो."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी थोरलीला हाक मारली. तिनं चिमणीसारखी चोच उघडली, मी दोन थेंब टाकले, डाव्या करंगळीवर शाई लावली. तिनं करंगळी वर करून सगळ्यांना दाखवली. त्या दिवशी वस्तीवरचं एकही पोर राहिलं नाही.

त्याला तेरा दिवस झाले होते. तिच्या नखाच्या कडेला अजून ती शाई होती.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गोठ्यातून आत आले. आबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. पावसाळा संपला की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचे. मग मेंढरं विकली, जिरायत तुकडा बागायत केला, पण हात मेंढक्याचेच राहिले. त्यांनी थोरलीचे पाय हातात घेतले, गुडघा वाकवला, सोडला. दुसरा वाकवला, सोडला. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मागचं पाय गेल्यात."

कोकराबद्दल बोलावं तसं ते बोलले होते. त्यांना स्वतःलाच ते कळलं. मान खाली घालून बाहेर गेले. मेंढराचे मागचे पाय गेले की पुढं काय होतं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

माझे मालक पाटसच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. हंगाम चालू होता. ते पाळीवरून येऊन बूटही न काढता मोटरसायकलवर परत बसले. मधे थोरली, मागं मी. नेहमी ती टाकीवर बसून हँडल धरायची. त्या दिवशी तिला मी पदरानं माझ्या पोटाशी बांधली होती आणि तिचे पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते.

दौंडला लहान मुलांचे एक डॉक्टर होते. हळू बोलणारे, वयानं तरुणच. त्यांनी तिला टेबलावर बसवलं आणि रबरी हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसरा ठोकला. हलला नाही. त्यांनी माझ्या मालकांचा गुडघा ठोकून दाखवला, तर पाय टुणकन उडाला. थोरली खुदकन हसली.

"मागच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला होता?"

"आला होता. वस्तीवर साथच होती."

"आता आहे?"

"न्हाई."

मग मी न विचारताच सांगून टाकलं, "डॉक्टर, मी अंगणवाडीत आहे. तेरा दिवसांपूर्वी मीच तिला डोस पाजलाय. माझ्या हातानं. त्यानंच झालं का?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. हा विचार त्यांच्या डोक्यात तोपर्यंत आलेला नव्हता. तो मीच तिथं ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "पोलिओत बहुतेक वेळा ताप असतानाच पाय जातो, आणि एक जास्त, एक कमी असा जातो. हिचे दोन्ही सारखे गेलेत आणि ताप उतरून पंधरा-वीस दिवस झालेत. मला हे वेगळं वाटतंय. तापाचा विषाणू येऊन जातो, पण शरीरातली जी राखण असते ना, ती कधी कधी चुकते. आपल्याच नसांना परकं समजून त्यांच्यावर धावून जाते. नसा सुजतात. तुम्ही डोस पाजलात म्हणून नाही. तरी पोलिओची तपासणी होईलच. असे पाय गेलेल्या प्रत्येक मुलाची करतात."

मग ते थोरलीकडं वळले. "आकडे येतात का तुला?"

"अंगणवाडीत मीच सांगते सगळ्यांना," ती म्हणाली.

"मग मोठा श्वास घे आणि मधे न थांबता मोज. बघू किती येतात."

ती एकोणीसपर्यंत गेली. मग थांबून श्वास घेतला आणि पुढं वीस म्हणाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकोणीसच लिहिलं.

"आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. एसटीनं नको. वाटेत दर अर्ध्या तासानं असंच मोजायला लावा. दहाच्या खाली आलं तर पुण्याची वाट बघू नका, जो दवाखाना दिसेल तिथं शिरा."

"असं का?" मालकांनी विचारलं.

"हे पायातून वर चढतं. छातीपर्यंत चढलं तर श्वास अडतो. चढेलच असं नाही. पण लक्ष ठेवायचं ते याच्यावर."

एक जीप ठरवली. पाटस मागं पडलं, मग आमचंच वरवंड आलं. रस्त्यावरून वस्तीकडं जाणारा फाटा दिसला. तिथं आबा उभे होते. गुराख्याकडून निरोप गेला होता की काय, कोण जाणे. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी. जीप पुरती थांबायच्या आत ते चढले आणि थोरलीचे पाय मांडीवर घेऊन बसले. धाकटा मुलगा तेव्हा वर्षाचा होता, त्याला माझ्या आईकडं सोडून आले होते.

रस्ताभर ऊस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांच्यामागं बैलगाड्यांची रांग. चौफुल्याला थोरलीनं अठरा मोजले. यवतला सोळा. मी म्हणाले, "नीट मोज की गं." ती म्हणाली, "नीटच मोजते." उरुळीच्या अलीकडं एक ट्रॉली उलटली होती, ऊस आडवा पसरला होता, आणि आम्ही तिथं पाऊण तास उभे. ड्रायव्हर खाली उतरून ऊस बाजूला करायला लागला, मालकही गेले. जीपमध्ये आबा, मी आणि ती.

"मोज."

चौदाला ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, पुढचा मला येतो. पण तोंडातनं निघत न्हाई."

आबांनी तोंड फिरवलं. मी तिला म्हणाले, "असू दे, पुष्कळ झाले." आणि त्यानंतर अर्धा तास मला तिला मोजायला सांगायची हिंमत झाली नाही. न मोजल्यानं आकडा उतरायचा थांबणार होता थोडाच.

पुण्याच्या दवाखान्यात गेल्यावर पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. शौचाचे नमुने दोन दिवस घेतले आणि बर्फाच्या डब्यात घालून नेले. डबा अगदी तसाच होता, मी खांद्याला अडकवून वस्तीभर फिरायचे तसा. तो घेऊन जाणाऱ्या माणसाकडं मी बघत राहिले. माझ्या डब्यात औषध असायचं. त्याच्या डब्यात माझी पोर होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातातून बिस्कीट सुटलं. तिनं ते उचलायचा प्रयत्न केला आणि बोटं चादरीवरून नुसती सरकली. मोजणी अकरावर आली. नर्स दर दोन तासांनी यायची, थोरली तिला बघितलं की तोंड फिरवायची. सलाइनमधून औषध चालू होतं. ते कामाला लागायला वेळ लागतो, एवढंच सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाजलं तर ते नाकातून बाहेर आलं. आवाज गेंगाणा झाला होता. मोठ्या डॉक्टर बाई आल्या, म्हणाल्या, "मोज बाळ."

"एक, दोन, तीन, चार, पाच."

एवढंच.

त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. "नळी घालावी लागेल. तिचा श्वास आता आपण घ्यायचा."

श्वासाचं मशीन त्या वेळी दुसऱ्या मुलाला लावलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मोकळं होईल म्हणाले. तोपर्यंत नळीला एक रबरी फुगा जोडला. तो दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली जायची. नर्सनं मला शिकवलं. मनात तीन म्हणायचं आणि दाबायचं. जोरात नाही, हळू नाही. मी दाबायला सुरुवात केली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

मला आजही त्या दिवसाबद्दल नीट सांगता येत नाही. हातात फुगा, डोळे तिच्या छातीवर. वॉर्डात लोक येत होते, जात होते, कुणी तरी केळी सोलत होतं. आणि मला एकच भीती होती, की मला शिंक येईल. किंवा चक्कर येईल. एवढ्याशानं सगळं थांबेल. अर्ध्या तासात माझा अंगठा वळला. मालकांनी घेतलं, पण त्यांची लय चुकायला लागली. ते स्वतःच म्हणाले, "मला नको, माझ्यानं नको."

आबा पुढं आले. "दे हिकडं."

नर्स म्हणाली, "आजोबा, दमाल."

"न्हाई दमत," आबा म्हणाले. "दिसाला तीस-तीस मेंढरं कातरली मी. कातरी अशीच चालती. दाबायची, सोडायची."

त्यांनी फुगा हातात घेतला आणि त्यांचा हात खरंच तसा चालला, जराही घाई नाही, जराही ढील नाही. ते खुर्चीवर बसले नाहीत. मधून मधून मी घ्यायचे, ते बोटं मोडायचे, पाणी प्यायचे आणि परत हात पुढं करायचे. दुपारी एकदा म्हणाले, "सूनबाई, आकडं मोजत बसू नगंस. तिच्या तोंडाकडं बघ. तिला तूच दिसाय पायजेस."

मी पाहिलं. थोरलीचे डोळे उघडे होते. सताड. मी डॉक्टर बाईंना विचारलं, "तिला कळतंय?"

"सगळं कळतंय. ऐकू येतंय, दुखतंयही. फक्त हलता येत नाही."

त्या क्षणापर्यंत मी भीतीच्या तळाला पोचले असं मला वाटत होतं. तळ अजून खाली होता. माझी लेक आत जागी होती, एकटी, आणि मला हाक मारू शकत नव्हती.

पाच वाजता मशीन मिळालं. आबांनी फुगा सोडला, पण त्यांच्या बोटांची उघडझाप बराच वेळ तशीच चालू राहिली.

अकरा दिवस ती मशीनवर तशीच पडून होती. मी तिच्याशी बोलत राहायचे. काय बोलायचं ते संपलं की वस्तीवरच्या घरांची ओळ सांगायचे, कुणाच्या दारात कुठलं झाड आहे, कुणाच्या शेळीला किती करडं झाली. डोळे मिटून उघडले की 'व्हय', असं आम्ही ठरवलं होतं. तिच्या पापण्याही जड व्हायला लागल्या तेव्हा मी विचारायचं बंद केलं. उत्तर आलं नाही तर, ही भीती होती.

मधे मालक दोनदा वरवंडला जाऊन आले. दुसऱ्या वेळी परतल्यावर मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तपासणीची माणसं वस्तीवर गेली होती, आणखी कुणाचे पाय गेलेत का बघायला. पुन्हा सगळ्या पोरांना डोस पाजायचा होता. बायकांनी दारं लावून घेतली. "बाईंनी पाजलं आन् बाईंच्याच पोरीचं पाय गेलं," असं सगळीकडं झालं होतं.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मला तरी कुठं ठाऊक हाय?" ते म्हणाले.

बाराव्या दिवशी सकाळी नर्स तिचं अंग पुसत होती. पाणी गार असावं. थोरलीनं खांदा उडवला. अगदी किंचित, माशी बसल्यावर बैल कातडी हलवतो तेवढा. नर्सनं हातातला कपडा टाकला आणि डॉक्टरांना हाक मारली. मी उभीच राहिले. मला आनंद करायचीही भीती वाटत होती.

जसं चढलं होतं तसं ते उलटं उतरत आलं. आधी खांदे, मग हात, मग बसणं. नळी काढल्यावर दोन दिवस आवाज फुटला नाही, आणि फुटला तेव्हा तिनं घोगऱ्या स्वरात पहिली मागणी केली ती तिखट शेवेची. तपासणीचा कागद आला. त्यात पोलिओचा विषाणू नव्हता. मी तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला. दौंडच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं खरं ठरलं होतं.

दोन महिन्यांनी सरकारी डॉक्टर तिचे पाय बघायला घरी आले तेव्हा ती भिंत धरून उभी राहिली. आबांनी अंगणात दोन बांबू आडवे बांधले होते. त्यांच्यामधून ती रोज सकाळी चालायची, आबा पुढं पाठमोरे चालायचे. दिवाळीपर्यंत बांबू सुटले. उजवा पंजा मात्र जरासा फरफटायचा.

आणि मग पुन्हा थंडी आली, पुन्हा डोसाचा रविवार आला.

वर्षभर मी कागद घेऊन घरोघर फिरले होते. वाचता येणाऱ्यांना वाचायला दिला, न येणाऱ्यांना समजावलं. लोक ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. समोरची ती बाई एवढंच म्हणाली होती, "तुमच्या धाकट्याला पाजताय का, ते बघू."

धाकटा आता दोन वर्षांचा होता. आदल्या दिवशी जेवताना मालक म्हणाले, "त्याला न्यायचं न्हाई."

"कागद वाचलाय ना तुम्ही?"

"वाचलाय. तरी न्यायचं न्हाई."

"मग मी दुसऱ्यांच्या पोरांना कुठल्या तोंडानं पाजू?"

"नगं पाजूस. सोड नोकरी."

आबा भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पाय कशानं गेलं, ते डाक्टरनं सांगितलंय. जे झालंच न्हाई, त्याची भीती किती दिस धरायची? आन् जे व्हतं, त्याचं काय? मी बघितल्यात पोलिओनं गेल्याली पोरं. आपल्याच मेंढक्यांच्या वाड्यावर व्हतं एक. हातावर चालायचं."

मालक उठून गेले. पण सकाळी धाकट्याला अंघोळ घालून त्यांनीच अंगणवाडीत आणलं. दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

बायका जमल्या होत्या, लांब, लिंबाखाली. मी धाकट्याला मांडीवर घेतलं. मला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांचा शब्द ठाऊक होता, कागद पाठ होता. तरीही बाटली उलटी धरली तेव्हा माझा हात आबांसारखा चालला नाही. पहिला थेंब त्याच्या गालावर पडला. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि दोन थेंब बरोबर जिभेवर टाकले. तो चुळबुळला आणि शाई लावून घ्यायला करंगळी पुढं केली.

लिंबाखालून ती समोरची बाई उठली. आली, पोरगं माझ्यापुढं उभं केलं आणि म्हणाली, "पाजा." मग बाकीच्या आल्या. सगळ्या नाही. सात-आठ घरं त्या दिवशी आलीच नाहीत, त्यांच्याकडं मला पुढचा आठवडाभर जावं लागलं.

लोकांना वाटलं बाई धीराची. पुढचे दिवस मी कसे काढले ते त्यांना काय माहीत. धाकटा झोपला की मी त्याच्या तळव्याला गुदगुल्या करून बघायचे. पाय आखडून घेतला की श्वास सोडायचे. अंगणात तो धावत असला की हातातलं काम टाकून बघत बसायचे. आणि दहाव्या दिवशी त्याला ताप आला. साधा, सर्दीचा. एका दिवसात उतरलाही. तरी मी त्याला सकाळपासून अंगणात चालवत होते. इकडून तिकडं, तिकडून इकडं. "चल, परत चल. आता पळ."

दुपारी तो अंगणाच्या मधोमध मटकन खाली बसला.

"ऊठ," मी म्हणाले. तो हलला नाही. "ऊठ रे बाळा, ऊठ." आवाज माझा मलाच ओळखू येईना. आबा गोठ्याच्या दारात येऊन थांबले.

धाकट्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं. "न्हाई उठनार. किती चालू?"

थोरली शाळेतून येत होती. दप्तर पाठीवर, उजवा पाय जरासा ओढत. तिनं आम्हा तिघांकडं पाहिलं, काय झालंय ते तिला कळलं की नाही कोण जाणे. तिनं खिशातली चिंच काढली, त्याला दाखवली आणि विहिरीकडच्या वाटेनं पळत सुटली. तो उठला आणि ओरडत तिच्यामागं धावला.